पिकअपच्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम जोड तुटला आहे: सांधायचा की बदलायचा?

चाकोरी
गाडी डिझेल पिकअप आहे. व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला. तिथून रबरी नळी बूस्टरपर्यंत (पायाचा जोर वाढवणारा डबा) येते आणि बूस्टरवर प्लास्टिकचा काटकोनी एल्बो आहे. हा एल्बो मानेपाशी तुटला आहे. एक तुकडा नळीत अडकलाय, दुसरा बूस्टरच्या ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यात. इंजिन चालू केलं की फुस्स आवाज येतो आणि पेडल कडक लागतं. ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे, चाकांपाशी कुठेही गळती नाही.

विचारायचं असं की, एपॉक्सी लावून एल्बो तात्पुरता सांधता येईल का? नळीसुद्धा बदलायची तर कुठलीही जाड रबरी नळी चालते का? काम झाल्यावर ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढणं, लागेल का? आणि नळी वरून चांगली दिसत असताना एल्बो मुळात तुटलाच का?

सायलेन्सर
पहिल्याचं उत्तर: नको. ब्रेकच्या कुठल्याही भागावर चिकटद्रव नको.

पाना_तेरा
सायलेन्सरशी सहमत. पण कारणही समजून घ्या, म्हणजे मोह होणार नाही.

बूस्टरच्या डब्यात मध्ये मोठा रबरी पडदा असतो. पेडल मोकळं असताना दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पेडल दाबलं की केबिनकडच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. पडदा १० इंची धरला तर क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस सेंटिमीटर. व्हॅक्यूम २० इंच पारा, म्हणजे साधारण ६८ किलोपास्कल असेल तर पडद्यावर जवळपास ३५० किलो वजनाइतका जोर येतो. डिझेलचा चांगला पंप २६ इंच देत असेल तर तोच आकडा ४५० च्या पुढे जातो. प्रत्यक्षात उपयोगी क्षेत्रफळ थोडं कमी असतं, पण अंदाज यावा.

जोड तुटला की हा सगळा जोर शून्य. ब्रेक लागतात, कारण पेडलचा दांडा मास्टर सिलिंडरपर्यंत (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) थेट पोचतो. पण सगळी ताकद पायातून यावी लागते. रिकामी गाडी थांबेल. माल भरलेली पिकअप उतारावर वेळेत थांबेलच, असं कुणी धरून चालू नये. म्हणून आधी गाडी चालवणं बंद करा, मग दुरुस्तीचं बोलू.

मालवाहू
थोडा वेगळा मुद्दा. गाडी उभी आहे तिथे काम करणं शक्य नसेल तर? एपॉक्सी लावून, सावकाश, हँडब्रेकवर हात ठेवून गॅरेजपर्यंत नेण्यात मला फार गैर वाटत नाही. तसंही बूस्टरशिवाय ब्रेक लागतातच असं वर पाना_तेरा यांनीच म्हटलंय.

पाना_तेरा
@मालवाहू, तीन कारणांनी गैर आहे. असे एल्बो बहुतेक नायलॉनचे असतात आणि घरगुती एपॉक्सी नायलॉनला नीट धरत नाही. पंपातून तेलाचा बारीक अंश नळीत येतो, त्यामुळे पृष्ठभाग तेलकट असतो. कितीही पुसा, भेगेत तेल राहतंच. तिसरं कारण सगळ्यात वाईट. सांधा धरला आहे असं वाटत असताना पहिले चार ब्रेक हलके लागतात, चालकाचा पाय तेवढ्याच जोराला सरावतो आणि पाचव्या वेळी सांधा सुटतो. पेडल कडक आहे हे माहीत असलेला चालक निदान सावध असतो.

गाडी टो करून न्या, तीही फ्लॅटबेडवर. दोरीने ओढायची म्हटली तर मागच्या गाडीला ब्रेक मारावेच लागतात, तेही बूस्टरविना.

मालवाहू
पाय सरावण्याचा मुद्दा पटला. माझं म्हणणं मागे घेतो.

डिझेलधूर
चाकोरी, गाडी उभी असली तरी इंजिन चालू करून बघत राहू नका. तुमच्या पंपाला वंगण इंजिन ऑइलचंच मिळतं. तो ओढलेली हवा तेलासकट इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये सोडतो. नळीचं तोंड उघडं राहिलं तर धूळ गाळण्याविना थेट इंजिन ऑइलमध्ये जाते. हलवाहलवीसाठी इंजिन चालू करावंच लागलं तर पंपाकडच्या नळीत गुळगुळीत बोल्ट घालून क्लिप आवळा.

आता प्रत्यक्ष काम.

इंजिन बंद करून पेडल पूर्ण कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम संपला पाहिजे. नाहीतर तुकडा हलवताक्षणी कचरा आत ओढला जाईल. मग एल्बोच्या आजूबाजूची जागा ब्रशने आणि कोरड्या कापडाने स्वच्छ करा. पाण्याचा फवारा नको.

ग्रोमेटमधला तुकडा कधीही आत ढकलू नका. बाहेर पकड मिळत असेल तर लांब चोचीच्या पकडीने धरून फिरवत ओढा. पातळीलाच तुटला असेल तर प्लास्टिकच्या भोकात स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि स्क्रू पकडून ओढा. ग्रोमेटसकट बाहेर आला तर उत्तमच, कारण ग्रोमेट नवा घालायचाच आहे. जुना रबर वर्षानुवर्षे त्याच आकारात दबलेला असतो, नव्या एल्बोवर तो धरत नाही.

तुटलेले सगळे तुकडे टेबलावर जुळवून बघा. एखादी कपची कमी भरली तर ती बूस्टरमध्ये आहे किंवा नळीतून पंपाकडे गेली आहे. बूस्टरमधली कपची व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी लावून काढता येते. पंपाकडे गेल्याची शंका असेल तर पूर्ण नळी उतरवून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. पंपाची पाती तुकडा सहन करत नाहीत.

नवा ग्रोमेट आधी बूस्टरच्या भोकात बसवा, कड सगळीकडून खाचेत गेली का ते बोटाने फिरवून तपासा. मग एल्बोला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट लावा आणि फिरवत दाबा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका; ग्रोमेट ईपीडीएम रबराचा असेल तर तो फुगतो आणि सैल पडतो. सरळ जोराने दाबलं तर ग्रोमेटच आत पडतो, आणि तो परत काढणं फार त्रासाचं काम आहे.

ब्लीडिंगबद्दल: नाही लागत. ब्रेक ऑइलची कुठलीच लाइन तुम्ही उघडत नाही.

किल्ली
माहितीपूर्ण प्रतिसाद, वाचनखूण साठवली. एक भर. बऱ्याच गाड्यांत तो एल्बो म्हणजेच वन-वे व्हॉल्व्ह असतो, आणि काहींमध्ये व्हॉल्व्ह नळीच्या आत मध्यभागी बसवलेला असतो, बाहेरून दिसतही नाही. नळी बदलताना साधी सलग नळी टाकली की व्हॉल्व्ह नाहीसा होतो. इंजिन चालू असताना ब्रेक व्यवस्थित लागतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद पडलं की मात्र राखीव व्हॅक्यूम लगेच जातो आणि डिझेलमध्ये पंपातलं तेल बूस्टरकडे ओढलं जातं. तेल पडद्याला लागलं की पडदा फुगतो, आणि मग बूस्टरच बदलायची वेळ येते.

तपासायला सोपं आहे. जुनी नळी हातात घेऊन बूस्टरकडच्या तोंडातून फुंका, हवा गेली पाहिजे. पंपाकडच्या तोंडातून फुंकली तर अजिबात जाता कामा नये. व्हॉल्व्हवर बाण असेल तर तो पंपाकडे (पेट्रोल गाडीत इनटेक मॅनिफोल्डकडे), म्हणजे बूस्टरपासून दूर.

चाकोरी
सगळ्यांचे आभार. तुकडे जुळवले, कपची कमी नाही. एल्बोमध्येच व्हॉल्व्ह आहे. नळीचं आता सांगा.

रबरी
नळीचा विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांब लिहिते.

व्हॅक्यूमच्या नळीवर दाब आतून नसतो, बाहेरून असतो. त्यामुळे पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाला टिकणारी नळी इथे चालेलच असं नाही. पातळ भिंतीची नळी गरम झाली की वळणावर चपटी होते. अशा वेळी दोष फार फसवा असतो: थंड इंजिनला ब्रेक उत्तम, अर्ध्या तासाने पेडल कडक, गार झाल्यावर पुन्हा उत्तम. बूस्टर बदलून झाले तरी तक्रार जात नाही, कारण नळी उघडी करून बघितली की ती पुन्हा गोलच दिसते.

ब्रेक व्हॅक्यूमसाठी खास नळी येते, तिच्यावर एसएई जे१४०३ असा छाप असतो. तीच घ्या. हीटरची नळी बहुधा ईपीडीएमची असते. पाण्याला छान, तेलाला वाईट. तुमच्या पंपातून तेलाचा अंश येतो, म्हणजे आतला थर तेल सोसणारा नायट्राइल रबर हवा. पेट्रोलची साधी नळी तेल सोसते, पण सगळ्याच व्हॅक्यूमला चपट्या न होता टिकत नाहीत.

आतला व्यास अंदाजाने घेऊ नका, निप्पलच्या, म्हणजे नळी चढते त्या तोटीच्या, उंचवट्यावर व्हर्नियर लावा. नळी त्या मापाइतकी किंवा किंचित कमी हवी. निप्पलवर २० ते २५ मिलिमीटर चढली पाहिजे. लांबी जुन्या नळीइतकीच, पण इंजिन हलतं तेवढी दोन-तीन सेंटिमीटर ढील ठेवा. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, आणि मध्ये खाली झोळ पडू देऊ नका. तिथे तेल साचतं.

कारखान्यातून आलेली नळी कडक नायलॉनची असेल तर तिचं टोक ज्योतीवर गरम करू नका. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि चढवा. ज्योतीने वरून दिसत नाही पण आतून भिंत पातळ होते.

गिअरपाच
क्लिप चांगली आवळून घ्या, हे राहिलं.

रबरी
@गिअरपाच, नाही, इथे थोडी असहमत. व्हॅक्यूम नळीला निप्पलवर ओढूनच धरतो, तिला बाहेर ढकलणारं काही नाही. क्लिपचं काम फक्त हवा अडवण्याचं. प्लास्टिकच्या एल्बोवर स्क्रूची क्लिप जोराने आवळली तर मानेपाशी बारीक चीर पडते आणि काही महिन्यांनी चाकोरींच्या एल्बोसारखंच होतं. कडा आत न टोचणारी, अखंड पट्टीची क्लिप घ्या आणि नळी हाताने फिरत नाही इतपतच आवळा. स्प्रिंगची क्लिप मूळ आली असेल तर तीच परत लावा. रबर काळानुसार बसत गेला तरी तिचा ताण कायम राहतो.

गिअरपाच
लोखंडी निप्पल असला तर माझं बरोबर, प्लास्टिक असला तर तुमचं. मान्य?

रबरी
लोखंडी असला तरी नळी कापली जाईल इतकी नाही. बाकी मान्य :)

आरपीएम
पेट्रोल पिकअपवाल्यांसाठी भर घालतो, कारण लक्षणं वेगळी असतात.

पेट्रोलमध्ये व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून येतो. जोड तुटला की न मोजलेली हवा इंजिनात शिरते. आयडलिंग वरखाली, कधी इंजिन बंद पडतं, कधी उलट फेरे वाढतात, आणि पी०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी) येतो. इंजिनची तक्रार म्हणून गाडी येते आणि ब्रेककडे कुणी बघत नाही. बूस्टरची नळी पकडीने हलकेच दाबून बंद केल्यावर आयडलिंग सुधारलं तर गळती दाबलेल्या जागेच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला आहे. सुधारलं नाही तर अलीकडे मॅनिफोल्डकडे शोधा. नायलॉनची नळी मात्र दाबू नका, तडकते.

मॅनिफोल्डमधला पितळी निप्पल आट्यांपाशी तुटला तर उरलेल्या भागात भोक पाडून तो इझी-आउटने (उलट्या आट्यांचं अवजार) काढावा लागतो. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे कीस चिकटून राहतो, आणि दर थोड्या वेळाने पुसा. कीस आत पडला तर सिलिंडरमध्येच जाणार. मॅनिफोल्ड उतरवणं शक्य असेल तर उतरवूनच करा. नवा निप्पल बसवताना टेफ्लॉन टेप लावली तर पहिला आटा मोकळा ठेवा. साधा सिलिकॉन सीलंट नको, पेट्रोलच्या वाफेने तो मऊ होतो.

आणि साबणाच्या फेसाने गळती शोधू नका. हवा बाहेर येत नाही, आत जाते. फुगे येतच नाहीत. कॉम्प्रेसरची हवा बूस्टरमध्ये सोडणारेही आहेत. पडदा फाटतो. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन गेजवर काटा उतरतो का, हेच बघावं.

निळी_ताडपत्री
अवांतर: आमच्याकडच्या पिकअपला माल भरल्यावर ब्रेक कमी लागतात, रिकामी असताना ठीक. हाही व्हॅक्यूमच का?

पाना_तेरा
पेडल कसं आहे त्यावर ठरतं. कडक आणि उंच असेल तर व्हॅक्यूम बघा. मऊ असेल, खाली जात असेल तर हवा, गळती किंवा मास्टर सिलिंडर. पेडल अगदी नेहमीसारखं आणि फक्त भरलेली गाडी थांबत नाही, तर मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बघा. त्याचा दांडा गंजून जागीच अडकतो किंवा पाटे बदलल्यावर त्याची जुळणी बदलते. मग भार वाढला तरी मागच्या चाकांचा दाब वाढत नाही. ड्रमचे लायनर आणि अ‍ॅडजस्टमेंटही तपासा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहू.

सायलेन्सर
चालत्या गाडीत हा जोड तुटला तर काय करायचं, तेही इथेच लिहून ठेवूया. पेडल पंप करू नका, राखीव व्हॅक्यूम उरलाच तर एक-दोन दाबांचाच असतो. एकदाच, दोन्ही पाय लागले तरी चालेल, पूर्ण जोराने दाबून धरा. गिअर उतरवत जा. हँडब्रेक बटण दाबून हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंगही जड होईल.

डिझेलधूर
+१. हे चालकांना आधीच सांगून ठेवलं पाहिजे, त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

लोखंडी
चाकोरींचा शेवटचा प्रश्न राहूनच गेला: तुटला का? सगळे नळी आणि एल्बोबद्दल बोलत आहेत. मी इंजिन माउंटिंग बघायला सांगेन.

पंप इंजिनवर, बूस्टर बॉडीवर. मध्ये नळी. रबरी माउंटिंग खचलं की क्लच सोडताना आणि भार घेताना इंजिन एका बाजूला झुकतं आणि प्रत्येक वेळी नळी एल्बोला ओढते. वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता खाऊन नायलॉन ठिसूळ झालेलं असतं. तुटतं ते नेमकं मानेपाशी, जिथे ओढ सगळ्यात जास्त. नळी रबरी असल्यामुळे तिला काही होत नाही, म्हणून वरून चांगली दिसते.

बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पुढे कुणी उभं नाही याची खात्री करा. एकाने ब्रेक दाबून ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित उचलायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती हलतं ते बघायचं. पण ही चाचणी नवा जोड बसल्यावरच, आत्ता नाही. थोडं हलणं ठीक. उडी मारल्यासारखं उचललं जात असेल तर माउंटिंग बदला, नाहीतर नवा एल्बोही जाईल. बॉडीवर नळीची जी पकड-क्लिप असते ती जागेवर आहे का तेही बघा. अनेकदा मागच्या दुरुस्तीत ती परत लावलेलीच नसते.

चाकोरी
@लोखंडी, बॉडीवरची क्लिप खरंच नाही, नुसतं भोक आहे. माउंटिंगही बघतो. एल्बो, ग्रोमेट, जे१४०३ छापाची नळी आणि क्लिप असं सगळं नवीन आणलंय. बसवल्यावर खात्री कशी करायची?

किल्ली
तीन चाचण्या, याच क्रमाने.

इंजिन बंद. पेडल कडक होईपर्यंत दाबा, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही.

इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. मध्ये थोडं थांबत तीनदा सावकाश दाबा. पहिल्यांदा पेडल सगळ्यात खाली, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वर वर थांबलं पाहिजे. पहिल्यापासूनच कडक असेल तर वन-वे व्हॉल्व्ह किंवा ग्रोमेट व्हॅक्यूम धरत नाही.

इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा. ३० सेकंद पेडल हलता कामा नये. वर ढकलायला लागलं तर बूस्टर आतून गळतो आहे.

तिन्ही झाल्यावर मोकळ्या सपाट जागेत, रिकाम्या गाडीने, अगदी कमी वेगात ब्रेक लावून बघा. आणि काही दिवसांनी इंजिन गरम-गार होऊन झालं की क्लिप पुन्हा तपासा.

डिझेलधूर
गेज असेल तर पंपाच्या तोंडाशीही एकदा मोजा. समुद्रसपाटीला आयडलिंगवर चांगला डिझेल पंप काही सेकंदांत २४ ते २८ इंचांपर्यंत जातो. २० च्या खालीच अडकला तर पाती झिजली आहेत किंवा पंपाला तेल कमी पोचतंय. ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या याच लाइनवरून निघत असतील तर त्या एकेक बंद करून पुन्हा मोजा. तीन-चार मिलिमीटरची नळी सुटलेली असली तरी गेज बरंच पडतं, आणि गाडीची ओढही कमी झालेली असते.

गिअरपाच
डोंगराळ भागात मोजणाऱ्यांनी २६ ची अपेक्षा ठेवू नये ना?

डिझेलधूर
बरोबर. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी धरा. २,००० मीटरवर हवेचाच दाब सुमारे २३.५ इंच असतो, त्याहून जास्त व्हॅक्यूम कुठलाही पंप देऊ शकत नाही. तिथे २१-२२ मिळाले तर पंप चांगला आहे.

आरपीएम
जाता जाता, नवा एल्बो घालण्याआधी बूस्टरच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा, कापूस गुंडाळलेली काडी फिरवा. ओलं लागलं तर थांबा. काळसर तेल असेल तर ते पंपाकडून आलं आहे, म्हणजे जुना व्हॉल्व्ह धरत नव्हता. ब्रेक ऑइल असेल तर मास्टर सिलिंडरची मागची सील गेली आहे. चाकोरींनी पातळी बरोबर आहे असं लिहिलंय, पण मध्ये कुणी भर घातली असेल तर त्यावरून कळणार नाही. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून, लाइन न उघडता तो किंचित पुढे घेतला की मागचं तोंड दिसतं.

चाकोरी
काडी फिरवली. किंचित काळसर तेल लागलं, ब्रेक ऑइल नाही.

किल्ली
जुना व्हॉल्व्ह फुंकून बघा. दोन्हीकडून हवा गेली तर तेल तिथूनच आलं. आतलं तेल कोरड्या कापडाच्या पट्टीने जमेल तेवढं टिपून घ्या. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर आत मारू नका, पडदा खराब होईल. मग एल्बो बसवा आणि तिसरी चाचणी पूर्ण ३० सेकंद करा. पेडल जराही वर सरकलं तर बूस्टर बदलायचा.

चाकोरी
जुना व्हॉल्व्ह दोन्हीकडून हवा सोडतो. तेल टिपून एल्बो, ग्रोमेट आणि नळी बसवली. पहिल्या दोन चाचण्या ठीक. तिसरीत ३० सेकंद पेडल जागेवर. गेजवर आयडलिंगला २५ इंच. डावीकडचं माउंटिंग खचलेलं दिसतंय, ते मागवलं आहे. बॉडीवरची क्लिप लावली.

लोखंडी
माउंटिंग दोन्ही बाजूंचं एकत्रच बदला. एकच नवं टाकलं तर इंजिन तिरकं बसतं आणि नळीची ढील पुन्हा बदलते. बदलून झाल्यावर ती दोन-तीन सेंटिमीटर ढील परत मोजा.